होकाराची मान

९ जानेवारी

आज यांनी काचेऐवजी स्वतःचा तळहात कापला.

शाळेच्या निरोप समारंभाचे फोटो फ्रेम करायची ऑर्डर होती. मोठी काच टेबलावर, काच कापायचा हिरा हातात, आणि हे उभ्या उभ्या झोपले. मी काउंटरवर फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने लावत होते. हिरा घसरल्याचा आवाज इतक्या वर्षांत मला पाठ झाला आहे. वळून बघते तो फोटोभोवती बसवायचा माउंटचा पांढरा पुठ्ठा लाल. हे दचकून माझ्याकडेच बघत होते, जणू मीच काहीतरी पाडलं.

दवाखान्यात टाके घालतानाही हे झोपले. घोरायला लागले. डॉक्टर सुई तशीच धरून थांबले आणि मला विचारलं, हे नेहमी असे झोपतात का? मी म्हटलं, नेहमी. जेवताना, लग्नात, रांगेत उभे असताना. माणूस आळशी नाही, पण झोपाळू आहे. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली: झोपेच्या डॉक्टरांना दाखवा. झोपेचेही डॉक्टर असतात हे नव्याने कळलं. उद्या जांभईचे निघतील.

संध्याकाळी चहा घेताना यांना सांगून टाकलं की दुकान आता पुरे. शेजारचे बेकरीवाले कधीपासून विचारतायत, मधली भिंत पाडून त्यांना मोठी भट्टी टाकायची आहे. जूनअखेर देऊन टाकू. हात गेल्यावर फ्रेमा काय पायाने ठोकणार? यांनी मान डोलावली. विषय संपला.

१० जानेवारी

बेकरीवाल्यांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "बाई, नक्की ना? मागाहून नाही म्हणू नका." मी म्हटलं, माझा शब्द आहे. या रस्त्यावर माझ्या शब्दाला काय वजन आहे ते त्यांना ठाऊक आहे.

२३ जानेवारी

झोपेची तपासणी झाली. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून यांना झोपायला लावलं. कुठेही झोपणाऱ्या माणसाला याहून सोपी परीक्षा नाही. तरी नापास.

डॉक्टर म्हणाले, झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, मेंदू घाबरून जागं करतो. लगेच पुन्हा डोळा लागतो, पुन्हा घसा मिटतो. रात्रभर हेच. म्हणजे कोणीतरी सतत गदागदा हलवून उठवावं तसं. याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. हृदयाला वाईट, मेंदूला वाईट. मी हरकत घेतली. घोरणारा माणूस अंगाने भरलेला असतो, हे तर काडीपेटीतली काडी. तेव्हा त्यांनी यांना बाजूने बसवून मला चेहरा दाखवला. खालचा जबडा मागे आहे, जिभेला तोंडात जागाच नाही, ती मागे घशात पडते. आता नवऱ्याचा चेहरा बाजूने कोण बघतं? मी तर समोरूनच बोलते.

मग विचारलं, घोरण्याचा तुम्हाला त्रास होत असेल. मी म्हटलं, घोरण्याचा नाही. घोरणं थांबतं तेव्हा जाग येते. मग कोपर मारावं लागतं, की पुन्हा सुरू. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, मारत राहिलात हे फार बरं केलंत. उगाच चढवून ठेवणारी माणसं मला आवडत नाहीत. झोपमोड ती झोपमोड.

१८ फेब्रुवारी

हवेचं मशीन घरी येऊन तीन आठवडे झाले. नाकावर मास्क बांधायचा, मशीन हवा ढकलतं, घसा उघडा राहतो. आमच्या लेकीच्या ओळखीत एक गृहस्थ आहेत, ते म्हणे पहिल्या दिवसापासून टवटवीत. लेक दूर राहते, फोनवरून टवटवीत माणसांच्या गोष्टी सांगायला तिचं काय जातं?

इथे सकाळी मास्क पलंगाखाली. कधी उशीखाली. एकदा तर स्वयंपाकघरात सापडला. झोपेत काढून टाकतात आणि विचारलं तर आठवत नाही. दुसरा मास्क आणला, तिसरा आणला. पोटात हवा भरून दिवसभर ढेकरा. गिऱ्हाइकासमोर. मी पट्टा आवळून बांधला तर गालावर वळ उठले. मी सांगितलं, माणसाने ठरवलं तर काय होत नाही? यांनी मान डोलावली. सकाळी मास्क पंख्याखालच्या खुर्चीवर.

६ मार्च

झोपेच्या डॉक्टरांनी हात टेकले आणि आम्हाला जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं. मुलगी आहे, आमच्या लेकीपेक्षा लहान असेल. टेबलावर कवटी ठेवलेली. कवटीचा वरचा आणि खालचा जबडा सुटा करून तिने बोटभर पुढे सरकवून दाखवला, अगदी कपाटाचा खण ओढावा तसा. हाड कापायचं, पुढे आणायचं, पट्ट्या आणि स्क्रूने बसवायचं. जबडा पुढे आला की जीभ पुढे येते, मागची वाट मोकळी होते. आम्ही लाकडाचं जे करतो तेच, फक्त कोपरे जुळवण्यात चूक करून चालत नाही.

तिने आडपडदा ठेवला नाही, हे मला आवडलं. सूज येईल, कित्येक आठवडे फक्त पातळ खाणं, दात रबरांनी बांधलेले. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होईल, बहुतेकांची जाणीव बरीचशी परत येते, सगळ्यांची नाही. चेहरा बदलेल. आणि श्वासाचा त्रास पुष्कळ कमी होतो, पण पूर्ण जाईलच असं लिहून देणार नाही.

मी विचारायचं ते सगळं विचारलं. मग यांच्याकडे वळून म्हटलं, करून टाकू. यांनी मान डोलावली. मी पर्स उचलली. मुलगी म्हणाली, "थांबा. मला मान चालत नाही. काका, तोंडाने सांगा." मला राग आला. पस्तीस वर्षं मला चालते ती मान हिला का चालू नये? यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "तो मशीनचा मास्क काढतो तेव्हा मला माहीत असतं. गुदमरतं म्हणून काढतो. हिला सांगितलं नाही. करा तुम्ही."

तीन मास्क आणले मी.

१५ मार्च

वन्सं येऊन गेल्या. भावाचा चेहरा बिघडवू नका म्हणाल्या. ही आमच्या घराण्याची हनुवटी आहे, बाबांची अशीच होती, आजोबांचीही. मी म्हटलं, वन्सं, घराण्यात हनुवटी आहेच कुठे? चेहरा ओठाशी संपतो आणि पुढे मान सुरू होते. त्यांनी रुमालात डोळे पुसले. मग हळूच विचारलं, बाबा झोपेत गेले ते यानेच का? मला काय माहीत? मी त्यांना चहा दिला.

या घरात लोक फार बोलतात.

२ एप्रिल

ऑपरेशन.

सकाळी आत नेलं. मी बाहेर. बाहेरच्या खुर्च्या एकमेकींना जोडून जमिनीत ठोकलेल्या आहेत आणि त्यांतली एक मोडकी आहे. मी तिथल्या व्यवस्थापकाला बोलावून घेतलं. मोडकी खुर्ची लोकांच्या बसायच्या जागेत ठेवायला लाज कशी वाटत नाही, असं विचारलं. तो म्हणाला, बाई, दुसरीवर बसा. मी म्हटलं, प्रश्न बसण्याचा नाही, प्रश्न पद्धतीचा आहे. मग एवढे पांढरेफटक दिवे का लावलेत तेही विचारलं. दुपारी पुन्हा बोलावून घेतलं. तिसऱ्यांदा बोलावलं तेव्हा तो पाण्याची बाटली घेऊन आला आणि शेजारी बसला. कामचुकार.

संध्याकाळी मुलगी बाहेर आली. टोपी काढली होती. "ठरवल्याप्रमाणे झालं," म्हणाली. मी उठले तर ती मोडकी खुर्ची कलंडली. मी तिच्यावरच बसले होते.

४ एप्रिल

चेहरा भोपळ्याएवढा. डोळ्यांच्या फटी. डोक्याभोवती आणि हनुवटीखालून पट्टी. दात रबरांनी एकमेकांना जखडलेले, बोलता येत नाही. मानसुद्धा हलवायची नाही.

उशाशी कात्री ठेवायची पद्धत आहे. उलटी झाली तर रबरं कापायची, नाहीतर माणूस गुदमरेल. कात्री कायम हाताशी हवी. नर्सने दिलेली कात्री लहान मुलांच्या हस्तकलेची. मी दुकानातली आणायला सांगितली आणि दोरीने गळ्यात घातली.

घोरणं बंद आहे. आवाजच नाही. माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

९ एप्रिल

घरी आणलं.

गाळलेलं सूप पिचकारीने गालाच्या आत सोडायचं. निम्मं आत, निम्मं बाहेर. खालचा ओठ बधिर, त्यामुळे ओघळ आला तरी यांना कळत नाही. मी हनुवटीवर बोट ठेवून दाखवते, पुसा. कळत नाही तेव्हा मीच पुसते. दिवसात पन्नास वेळा. सूप गाळायची गाळणी तुटली, नवी आणली, तिची जाळी जाड. कोणतीही वस्तू धड मिळत नाही.

बोलण्यासाठी यांना माउंटचे तुकडे दिले आहेत. माउंट कापल्यावर मधला चौकोन उरतो, तो आम्ही कधी टाकत नाही, ढीग पडला आहे. त्यावर पेन्सिलीने लिहितात. अक्षर इतकं चांगलं आहे हे विसरूनच गेले होते. आज लिहिलं, "मीठ कमी." डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच आहे म्हणून सांगितलं. मग लिहिलं, "नेहमीच कमी असतं."

१६ एप्रिल

हे दिवसा झोपत नाहीत.

मला आधी वाटलं, दुखत असेल. औषधं वेळेवर देते. पण खुर्चीत ताठ बसतात आणि बघतात. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. मी खोलीत आले की डोळे माझ्यामागून फिरतात. चुलीशी, कपाटाशी, दारापर्यंत. शेवटी विचारलं, काय हवंय? लिहिलं, "काही नाही. बघतोय."

एवढ्या वर्षांत कोणी माझ्याकडे एवढं बघितलेलं नाही. कामात अडथळा येतो.

२१ एप्रिल

बेकरीवाले भेटायला आले. जबडा बांधलेल्या माणसासाठी ताजा पाव घेऊन. यांच्याशी मोठ्याने बोलले, जणू हे बहिरे झालेत. जाता जाता म्हणाले, भिंतीचं माप घेतलं, भट्टीचं सांगून ठेवलंय, जूनअखेर तुमचं सामान हललं की काम सुरू.

ते गेल्यावर यांनी चौकोन उचलला. "कसली भट्टी?"

मी म्हटलं, असं काय करता? जानेवारीत तुम्हाला सांगितलं. तुम्ही मान डोलावलीत.

"आठवत नाही."

मी म्हटलं, मी समोर बसले होते. माझ्या डोळ्यांनी बघितलं. मान खाली गेली आणि वर आली.

यांनी पेन्सिलीला टोक केलं. मग लिहिलं, "खाली गेली ती डुलकी. वर आली ती जाग."

मी सूप गरम करायला उठले. गरमच होतं.

कॉलेजात तर्कशास्त्रात मला पहिला वर्ग होता. होकार असेल तर मान हलते. म्हणून मान हलली की होकारच असतो, हे अनुमान चूक, असं आमचे सर फळ्यावर लिहून दाखवायचे. ते ठीक. पण फळ्यावरच्या माणसाला झोप येत नव्हती.

२२ एप्रिल

मी ठरवलं, एकदाचं निस्तरून टाकू. समोर बसले आणि म्हटलं, अहो, डुलकीत आणखी काय काय गेलं तेवढं सांगून टाका. मला संदिग्ध गोष्टी आवडत नाहीत.

यांनी विचार केला. बैठकीच्या खोलीचा हिरवा रंग, असं लिहिलं. दुकानाची शनिवारची सुट्टी बंद केली ती. वन्संच्या मुलीच्या लग्नाला गेलो नाही ते. मी प्रत्येकाला उत्तर दिलं, प्रत्येकाला कारण होतं. हे लिहीत होते, मी बोलत होते. मग नवा चौकोन घेऊन लिहिलं, "आणि स्कूटर."

स्कूटरचं काय, म्हटलं. विकली. तुम्हाला विचारून विकली.

यांनी माझ्याकडे बघितलं. सुजलेल्या डोळ्यांत सुद्धा किती बघता येतं. मग लिहिलं, "ती चोरीला गेली ना?"

मला कळेना. मग हळूहळू एकेका चौकोनावर सगळं आलं. एके दिवशी दुकानातून बाहेर आले तर स्कूटर जागेवर नाही. किल्ली गाडीलाच राहिली असणार असं यांना वाटलं. मला सांगायची छाती झाली नाही. मी विचारीन याची वाट बघत राहिले आणि मी काही विचारलं नाही, तेव्हा आणखीच घाबरले. वाटलं, हिला कळलंय आणि आता ही कधीतरी विषय काढील. मग वर्षभर, लिहिलं, रस्त्यातल्या प्रत्येक स्कूटरचा नंबर वाचत चाललो.

मला वाटायचं यांना चालताना इकडेतिकडे बघायची खोड आहे. समोर बघून चाला, असं मी यांना कितीदा बजावलं आहे. भर रस्त्यात.

मी म्हटलं, सिग्नलला झोपायचात तुम्ही. मागून ट्रक यायचा. म्हणून विकली. मग काय ठेवायची होती?

यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, त्या चेहऱ्यावरून कळायला मार्ग नाही. पट्टी ओली झाली ती मी बदलली.

३० एप्रिल

दोन चौकोन, दिवसभरात. सकाळी: "दुकान द्यायचं नाही." संध्याकाळी: "हात माझा आहे."

मी म्हटलं, टाके माझ्यासमोर पडले.

१९ मे

मोठी रबरं निघाली. तोंड बोटभर उघडतं. सूज उतरली तशी आतून हनुवटी निघाली. खरी हनुवटी, पुढे आलेली, काही मागायला आल्यासारखी. शेजारणीने जिन्यात विचारलं, पाहुणे आलेत का? मी नाही म्हटलं तर ती ओशाळली. वन्सं फोटो बघून म्हणाल्या, हा कोणाच्या घरातला?

बोलणं सुरू झालं आहे, पण ओठ जुळत नाहीत. प, ब, म तिन्हीची बोंब. बेकरीचं "एकरी" होतं, भिंतीचं "हिंत". मी दोनदा विचारते, काय? मग हे पुन्हा सावकाश सांगतात. आधी मी बोलायचे आणि हे ऐकायचे. आता हे बोलतात आणि मला कान देऊन ओठांकडे बघत बसावं लागतं. दमायला होतं.

२ जून

आज भांडलो.

असं लिहायलाही विचित्र वाटतं. आम्ही कधी भांडत नाही असं मी लोकांना अभिमानाने सांगत आले. आज दुपारभर भांडलो. यांचं म्हणणं, दुकान चालवायचं, मला ते काम येतं आणि आवडतं, आता मी जागा आहे. माझं म्हणणं, मी शब्द दिलाय. ऑपरेशनला जेमतेम दोन महिने झालेत, पुन्हा डुलकी आली तर? टेबलावर काच असते, पाव नसतो. आणि माणसाला भट्टी घ्यायला लावून मागे फिरायचं? या रस्त्यावर मी तोंड कसं दाखवू?

हे म्हणाले, "तोंडाचं मला सांगू नकोस. माझं कापून पुढे आणलंय."

मी म्हटलं, हा विनोद नाही.

"विनोद नाहीच. अगं, शब्द तू दिलास. मोडायचा की पाळायचा ते तू बघ. मी मोडायला लावणार नाही. पण मी हो म्हणालो असं कोणाला सांगू नकोस, एवढंच."

आणि टेबल पुसायला दुकानात निघून गेले. चालत. समोर बघून.

मी मागे बसून राहिले. मान डोलावणारा माणूस निदान कुठे आहे ते माहीत असायचं.

११ जून

पुन्हा तपासणी. तशाच वायरी. झोपेचे डॉक्टर रिपोर्ट बघत होते आणि मी त्यांच्या भुवया बघत होते. श्वास अडण्याचं प्रमाण इतकं उतरलंय की मशीनची गरज नाही. वर्षाने पुन्हा बघू, वजन वाढू देऊ नका, पाठीवर झोपू नका. मग माझ्याकडे बघून म्हणाले, आता तुमच्या कोपराला सुट्टी.

त्यांना कोणी विचारलं होतं? मला अजूनही रात्री जाग येते. आवाज थांबला म्हणून नाही, आवाजच नाही म्हणून. मग यांच्या छातीवर हात ठेवते. वरखाली होतंय ना एवढंच बघते. डॉक्टरांना सांगितलं नाही.

सर्जन मुलीने यांच्या हनुवटीवर कापूस फिरवला. लागतंय का? डावीकडे हो, उजवीकडे नाही. उजवीकडची बाजू कदाचित अशीच राहील. हे म्हणाले, राहू दे, तिकडचं ही पुसते.

सगळ्यांसमोर बोलायची काय गरज?

२६ जून

सामान हलवायला चार दिवस राहिले. खोकी आणून ठेवली आहेत, एकही भरलं नाही. कोणी भरायचं यावर बोलणं नाही.

सकाळी दुकानात गेले तर हे माझ्याआधी हजर. टेबल मोकळं, त्यावर मोठी काच. एका बाईंच्या दिवंगत नवऱ्याचा मोठा फोटो, जानेवारीपासून आमच्याकडे पडून. त्या स्वतः काउंटरपाशी बसल्या होत्या, न्यायलाच आल्या होत्या. यांनी त्यांना चहा सांगितला आणि म्हणाले, आजच करून देतो.

मी टेबलाच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. यांनी काचेवर मापाची पट्टी ठेवली, हिरा उचलला आणि खाली ठेवला.

"तू बाहेर जा."

का म्हणून? मी इथे काय करतेय?

"तू माझे डोळे बघतेयस. जा, पाच मिनिटं."

त्या बाई भिंतीवरच्या रिकाम्या फ्रेमा बघू लागल्या. मी बाहेर आले. उन्हात, पर्सशिवाय. बेकरीच्या पायरीवर बेकरीवाले पीठ झटकत उभे. मला बघून हसले. भट्टी परवा येतेय, ट्रक पुढच्या दाराने घ्यावा की मागच्या, असं विचारलं. तुमच्याकडची भिंत लगेच पाडायला घेतली तर चालेल ना?

मी कान आत लावून होते. हिरा काचेवरून गेला. एकच लांब रेघ, मध्ये कुठे न अडखळता. मग काही नाही. काच टेबलाच्या कडेवर आणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मी तेवढ्यात काय काय ऐकलं ते लिहीत नाही. मग टक्. स्वच्छ. काच सरळ मोडली की तिचा आवाज लहान असतो, फुटली की मोठा.

"बाई? मागच्या दाराने ना?"

मी म्हटलं, दुकान मिळणार नाही.

त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय. मी थट्टा करत नाही हे मग त्यांना आठवलं असावं, कारण चेहरा पडला. त्यांनी जे बोलायचं ते सगळं बोलून घेतलं आणि त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. भट्टी सांगितली, माणसं सांगितली, तुमच्या भरवशावर. शेवटी म्हणाले, "तुम्ही शब्द दिला होता. तुम्ही."

"दिला होता. तो एकटीचा होता. दुकान दोघांचं आहे."

"हे तुम्हाला आज कळलं?"

मी म्हटलं, चूक माझी, तुमचं नुकसान झालं असेल ते बसून बघू. ते आत गेले आणि दार लावून घेतलं. आता पाव पलीकडच्या रस्त्यावरून आणावा लागणार.

मी दुकानात आले. हातांना घाम होता, पदराला पुसले. काच बरोबर मापाची, कडा साफ. यांनी माझ्याकडे बघितलं नाही, विचारलंही नाही. बाहेरचं सगळं ऐकलं असणार, भिंत पातळ आहे. फक्त खोक्यांपैकी एक पायाने बाजूला सारलं.

मी माउंट काढला, निळा. काळ्यापांढऱ्या फोटोला मी नेहमी निळाच लावते. हे म्हणाले, निळा नको, राखाडी. मी म्हटलं, फोटो मरगळेल. हे म्हणाले, निळ्यात तो माणूस आजारी दिसतो, सगळेच दिसतात, मला पहिल्यापासून असं वाटतं. पहिल्यापासून! मग पहिल्यापासून बोलला का नाहीत? यांनी नुसतं बघितलं. ठीक आहे. पण राखाडी म्हणजे राखाडी, त्यात काय जीव आहे? मी निळा फोटोवर ठेवला, यांनी उचलून राखाडी ठेवला. त्या बाई एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या. चहा गार झाला. शेवटी त्या म्हणाल्या, मी उद्या येते, तोवर तुमचं काय ते ठरवून ठेवा.

दुकान बंद करेपर्यंत बोलत होतो. घरी येतानाही. जेवतानाही हे तोंडात घास ठेवून बोलले, डॉक्टरांनी बजावलं असताना. ओघळ पुसताना मी सांगितलं की निळाच.

अजून ठरलेलं नाही.